एका डोळ्याचा माणूस

“डोळ्याला हात लावलात तर बघा,” ड्रायव्हर गुरगुरला.

“आधी नाकात बघू द्या. मान हलवू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याही काही लोण्याच्या नव्हत्या.

उभी हयात बस चालवलेला हा माणूस समस्त डॉक्टरांवर खार खाऊन होता. अर्धं डोकं ठणकू लागलं तेव्हा एकाने त्याच्या दोन धडधाकट दाढा उपटल्या होत्या. दुसऱ्याने गोळ्या देऊन वाटेला लावलं होतं. रक्तातली साखर कुणी बघितलीच नाही. तेवढ्यात उजवा डोळा सुजून मिटला आणि त्यातून दिसायचं बंद झालं.

बाईंनी नाकात दुर्बीण सरकवली. पडद्यावर आतलं मांस जळल्यासारखं काळं दिसत होतं. त्यांनी त्यात सुई टोचली.

“दुखलं?”

“अहो, टोचा तर खरं!”

सुई मांसात रुतलेली त्याने पडद्यावर पाहिली आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

बाईंनी काढलेला मांसाचा तुकडा तपासून आला. बुरशी निघाली.

“भिंतीला लागते तशी?” बायकोने विचारलं.

“तसलीच, पण ही क्वचित कुणाला होते. साखर वाढली की हिचं फावतं. सायनसमधून डोळ्यात शिरलीय, आता मेंदूत जाईल. कुजलेलं सगळं नाकातून काढू. पण डोळाही काढावा लागेल.”

“दिसत नसला तरी माझा आहे तो! बरा होईल. मला बस चालवायचीय.”

“त्यासाठी आधी जिवंत राहावं लागतं.”

“तुमच्या बापाचा काढा!”

“मला भिंतीवर दोन डोळ्यांचा फोटो नकोय,” बायको म्हणाली. “एका डोळ्याचा का होईना, माणूस घरात हवाय.”

“तू गप्प बस.”

“आजवर गप्पच बसले.”

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. तसाच म्हणाला, “कापा काय कापायचं ते.”

एकदा कापलं, उरलेलं काढायला पुन्हा कापलं. शिरेतून दिलेल्या औषधाने तो थंडीने कुडकुडायचा, येईल त्या नर्सवर खेकसायचा. पण वाचला.

काही महिन्यांनी बाईंनी पुन्हा दुर्बीण घातली. “अगदी स्वच्छ आहे,” त्या पहिल्यांदाच हसल्या.

“मग काय, नाचू?”

बाहेर रस्त्यावर बायको त्याच्या उजव्या बाजूला आली. त्याने तिचा हात झिडकारला. “आंधळा नाही मी.”

त्याने पाऊल टाकलं आणि उजवीकडून आलेली बस करकचून ब्रेक लावत वीतभर अंतरावर थांबली. खिडकीतून डोकं बाहेर आलं.

“डोळे फुटले का रे तुझे?”

शिवी त्याच्या ओठांवर आली होती. ती त्याने गिळली. बस वळणाआड होईपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला. मग बायकोकडे न बघताच त्याने उजवा कोपर जरासा बाजूला काढला.