सेहेचाळीस पूर्णांक दोन

“अठ्ठेचाळीस लिहा,” संयोजक गास्तोनसाहेब वाकून हळूच म्हणाले. “कोण बघायला येतंय?”

आबुंदियोने हातातलं घड्याळ पुन्हा पाहिलं. सेहेचाळीस पूर्णांक दोन सेकंद. कोचाबांबा शहरातल्या या तरणतलावावर तो एकतीस वर्षं वेळ टिपत होता. ना कधी बढती मिळाली, ना लग्न जमलं. पण त्याने लिहिलेला आकडा आजवर कुणी खोडला नव्हता.

“पोरगी सेहेचाळीसमध्ये आली. अठ्ठेचाळीस कसं लिहू?”

“अहो, अठ्ठेचाळीस लिहिलं तर सुवर्णपदक मिळतं तिला. सेहेचाळीस लिहिलं तर बाद होते. एवढंही कळत नाही?”

कळत होतं. बौद्धिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या या राष्ट्रीय स्पर्धेचा नियमच तसा होता. सकाळच्या फेरीतल्या वेळेवरून बरोबरीचे गट पाडायचे. संध्याकाळी कुणी त्याहून पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त वेगाने पोहलं, तर सकाळी मुद्दाम रेंगाळलं असं धरून बाद करायचं. या पोरीने, देइसी कोंदोरीने, सकाळी छप्पन्न सेकंद घेतले होते, कारण अर्ध्यावर थांबून ती शेजारच्या पट्ट्यातल्या नोएमीची वाट बघत राहिली. दोघी एकाच बेकरीत कामाला. भट्टीतला तापलेला पत्रा दोघींनी मिळून उचलायचा आणि जोडीदारणीला सोडून पुढे जायचं नाही, हे दहा वर्षं त्यांच्या अंगात मुरलेलं. संध्याकाळी नोएमी वयामुळे दुसऱ्या गटात गेली. मग देइसी थांबणार कुणासाठी?

सकाळची वेळ तिची खरी नव्हे, असा एक अर्ज तिच्या प्रशिक्षकाने दुपारी दिला असता तर सगळं निस्तरलं असतं. पण प्रशिक्षक पाहुण्या म्हणून आलेल्या मंत्र्यांच्या पत्नीबरोबर जेवायला गेले होते. सकाळी ती थांबली तेव्हा ‘किती गोड!’ म्हणत टाळ्या पिटणारी हीच मंडळी. त्यांतल्या एकाच्याही डोक्यात संध्याकाळचा विचार शिरला नाही.

आता मंत्रीणबाई स्वतःच टेबलाशी आल्या. मागे दोन कॅमेरेवाले.

“देऊन टाका ना बिचारीला. या लेकरांना आकड्यातलं काय कळतंय?”

लेकरू चौतीस वर्षांचं होतं. टोपीखालून पांढरे केस डोकावत होते. आबुंदियोला त्या सगळ्यांची शिसारी आली. यांना एक ओलं, हसरं तोंड फोटोपुरतं हवं होतं. ते किती वेगाने पोहलं याच्याशी यांना काडीचंही देणंघेणं नव्हतं.

“तिला विचारतो,” तो म्हणाला.

“तिला काय विचारायचं?” गास्तोनसाहेब उखडले.

आबुंदियो तोवर वेळेचा कागद घेऊन उठला होता. देइसी बाकावर टॉवेल गुंडाळून बसली होती.

“मास्तर, किती?”

“सेहेचाळीस पूर्णांक दोन.”

ती ओठ हलवत पुटपुटली. “पन्नासच्या आत?”

“बरंच आत.”

“मी पन्नासच्या आत कधीच नव्हते आले.”

“ऐक, देइसी. सकाळी तू थांबलीस, म्हणून नियमाने आता बाद होतेस. साहेब म्हणतात, अठ्ठेचाळीस लिहू, मग सुवर्ण मिळेल.”

“पण अठ्ठेचाळीस कोण पोहलं?”

“कुणीच नाही.”

ती टॉवेलच्या टोकाने डोळे पुसू लागली.

“मला मेडल पाहिजे होतं, मास्तर. आईला सांगून आलेय.”

“माहीत आहे.”

“खरं लिहा.”

त्याने तिच्यासमोरच लिहिलं. पुढे ‘बाद’ लिहिलं, तेही स्वच्छ अक्षरात. तिने वाकून दोन्ही वाचलं आणि मान हलवली.

सुवर्ण दुसऱ्या मुलीच्या गळ्यात पडलं. कॅमेरे लखलखले. मग मंत्रीणबाईंचं लक्ष बाकाकडे गेलं. बक्षिसांच्या टोपलीतलं एक कापडी अस्वल उचलून त्या लगबगीने आल्या.

“ये गं राणी, तुला पण काहीतरी. रडू नकोस हं.”

कॅमेरेवाले मागोमाग आलेच. देइसीने नाक पुसलं आणि उभी राहिली. उंचीने ती बाईंपेक्षा चांगली वीतभर जास्त होती.

“नको बाई,” ती म्हणाली. “मी बाद झालेय.”

अस्वल धरलेला बाईंचा हात तसाच पुढे राहिला. देइसी टॉवेल खांद्यावर टाकून, रडतच, कपडे बदलायच्या खोलीकडे निघून गेली.