पोस्टमन बुधाजींची नात

मित्रांनो, मी एक जुनी सायकल. दर्यापूरजवळच्या एका खेड्यात, टिनाच्या छपराखाली भिंतीला टेकून उभी असते. माझा हिरवा रंग केव्हाच उडाला, सीटवर आता कोंबड्या बसतात. तरी माझी गोष्ट सांगणार आहे, कारण तिच्यात एका आईवर आलेला आळ आहे.

अकोल्याच्या दुकानात सुटे भाग जोडून मला उभं केलं आणि पोस्टमन बुधाजींनी मला घरी आणलं. बावीस वर्षं आम्ही दोघांनी डाक वाटली. पाच गावं, रोज त्याच क्रमानं. फक्त शेवटच्या गावाचं पत्र असलं, तरी बुधाजी मधल्या चारही गावांतून जायचे. रस्ता बदलावा लागला तर घामाघूम व्हायचे. पण एकही पत्र कधी चुकलं नाही. पोस्टमास्तर त्यांची तारीफ करत. गावातली पोरं मात्र "येडा बुध्या" म्हणत मागे धावत. कारण बुधाजी कोणाच्या डोळ्यांत पाहत नसत आणि बॅन्ड वाजला की कानांवर हात दाबून पुढेमागे डोलत राहत. स्वतःच्या लग्नातही ते मंडपामागे माझ्याजवळ असेच उभे होते. नवरी जमुना शोधत आली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. त्या दिवसापासून मला ती आवडली.

बुधाजी गेले, तशी मी छपराखाली पडून राहिले. त्यांचा मुलगा धर्मेंद्र आता दर्यापूरची जीप चालवतो. त्याची मुलगी प्रणाली चार वर्षांची झाली तरी बोलेना. हाक मारली तर वळून पाहीना. माझं पायडल हातानं फिरवायची आणि चाकाकडे पाहत बसायची. तिची आई रश्मी तिला अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी तीनदा बोलावून तपासलं आणि सांगितलं, ऑटिझम आहे.

त्या संध्याकाळी अंगणात आजीचा, म्हणजे जमुनाबाईंचा आवाज चढला.

"आमच्या घरात असं कोनी नव्हतं. तुह्या माहेरचंच आलं हे! अन् वरून पोरीच्या हातात मोबाइल देत होती." मग त्या धर्मेंद्रकडे वळल्या. "तुह्या बहिणीचं, हर्षाचं लग्न जमून राहिलं. ह्या दोघीईले तेल्हाऱ्याले हिच्या माहेरी पाठव. पाहुण्याईले काई दिसू देऊ नको."

धर्मेंद्र खाली मान घालून उभा होता. रश्मी मात्र हलली नाही.

"मी जाणार नाई, आई. दर मंगळवारी पोरीले अकोल्याले शिकवाले न्यायचं हाय. एकही मंगळवार चुकवणार नाई. डॉक्टरीणबाईनं दोन्ही घरच्या मानसाईचं विचारलं. माहेरचं मी सांगतलं. मामंजी कसे होते, ते तुमी सांगा."

"लाखात एक होते," जमुनाबाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

मी तर बुधाजींसोबत बावीस वर्षं हिंडले होते. पण सायकलीला कोण विचारतं?

आठवड्याभरानं दारावरून एक वरात गेली. प्रणाली माझ्याजवळच खेळत होती. बॅन्ड वाजताच तिनं दोन्ही कान दाबले आणि पुढेमागे डोलू लागली. जमुनाबाई उंबऱ्यात बसून गहू निवडत होत्या. त्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"रश्मी, पाह्य वं," त्या हळूच म्हणाल्या. "हे तर ह्यायचंच, तुह्या मामंजीचं."

मग त्यांना रडू फुटलं. "ते लहानपणापासूनच तसे होते. तरी माह्या सासूनं मले जन्मभर आयकवलं, तू आली अन् माहा पोरगा येडा झाला. अन् मी तेच तुले म्हणून राहिली!"

पुढच्या मंगळवारी जमुनाबाई स्वतः जीपमध्ये पुढे बसल्या. परतल्यावर ओट्यावर जमलेल्या शेजारणींना त्यांनीच सांगितलं.

"डॉक्टरीणबाई म्हणे, उंची येते, रंग येतो, तसं हेही बरंचसं रक्तातून, जनुकातून येते. एक जनुक नाई, शेकडो हायेत. काई बापाकडून, काई आईकडून, काई लेकरातच नवीन होतात. कधी कधी तपासूनबी सापडत नाई. मी ह्यायचं विचारलं. बाई म्हणे, गेलेल्या मानसाबद्दल ठाम सांगता येत नाई. पन आईनं काई केलं म्हणून हे होत नाई, मोबाइलनंही होत नाई. हे मातर ठाम सांगतलं."

"मंग बरं कवा होईन?" एकीनं विचारलं.

"तो काई ताप हाय काय उतराले? तिले तिच्या रीतीनं शिकवा लागते. शिकवू!"

हर्षाचे पाहुणे आले, तेव्हा पोह्यांच्या बश्या ठेवण्याआधीच जमुनाबाईंनी प्रणालीला मांडीवर घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. पाहुणे उठले. विचार करून कळवतो म्हणाले. अजून त्यांचा निरोप आलेला नाही. हर्षाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिचा आवाज पक्का होता.

"नाई आले तं नाई आले, आई. भाचीले लपवून मी कोनाच्या घरी जाणार नाई."

मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीतही एखादी प्रणाली असेल. हे कोणाकडून आलं, असं तिच्या आईला दरडावून विचारू नका. ते काम डॉक्टरांचं आहे. तुम्ही तिला एवढंच विचारा, "काकू, उद्या मी हिच्याशी खेळायला येऊ?"