हलका हात

बाबा निवृत्त कंपाउंडर. आपण मुलगी नाही, मुलगा आहोत, असं त्याने सांगितलं तेव्हा त्यांनी दोन वर्षं अबोला धरला. मग एके दिवशी हात धुऊन आले आणि म्हणाले, "हार्मोनचं इंजेक्शन बाहेर कशाला? मांडी पुढे कर." तेव्हापासून दर दुसऱ्या शुक्रवारी, चहाच्या आधी. माफी मागायची त्या घरात एवढीच पद्धत होती.

आता तो ते इंजेक्शन थांबवायला निघाला होता. कारण काय, तर त्याने केस गळत होते.

तो चष्म्याच्या दुकानात कामाला. चहूकडे आरसे. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायला वाकलं, की मागच्या आरशात स्वतःचा माथा दिसे. शाळा, सरकारी कचेरी, दोन काका आणि एक मावशी एवढ्यांना पुरून उरलेला हा गडी पुरुषांच्या सगळ्यात मामुली दुखण्यापुढे हात टेकत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "थांबवा की. दाढी, आवाज कुठे जात नाहीत. तुम्ही आहात तेच राहाल." त्यांचं काय जातंय! त्यांना घरी जाऊन गुळगुळीत डोक्याच्या बाबांना हे सांगायचं नव्हतं.

शुक्रवारी तो म्हणाला, "बाबा, तूर्त नको. बंद करतोय."

"दुखतं?"

"तसं नाही..."

"मागच्या वेळी रक्त आलं. हात थरथरतो माझा, कळतं मला. सरळ बोलायचंस ना."

'नाही' म्हटलं असतं, तर पाठोपाठ 'मग का?' आलं असतं. तो गप्प बसला. गप्प बसणं इतकं सोयीचं पडलं की त्याची त्यालाच शिसारी आली. तोंड मात्र उघडलं नाही.

रविवारी तो दुकानातून लवकर आला, तर बाबा स्वयंपाकघरात. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून संत्र्यात पाण्याचं इंजेक्शन देत होते. ओट्यावर आणखी चार संत्री ठिबकत होती.

"नवशिके असंच शिकतात," बाबा ओशाळून म्हणाले. "पंधरा दिवसांत जमेल बघ."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमचा हात चांगला आहे, बाबा. केस गळतायत माझे. म्हणून बंद केलं."

"कसले केस?"

"डोक्याचे."

बाबांनी सिरिंज खाली ठेवली. "आणि दोन दिवस मी इथे संत्री टोचतोय!"

"सांगायची लाज वाटली."

"वाटायलाच पाहिजे. केसांची नव्हे, गाढवा. मला माझा हात गेला असं वाटू दिलंस, त्याची."

त्याने फडकं घेऊन ओट्यावरचं पाणी पुसलं.

"पुन्हा सुरू करशील?"

"माहीत नाही. कदाचित नाही."

"आणि मग तू तोच राहशील?"

"मी आहे तोच."

बाबांनी चष्मा वर सारला. "खाली वाक. बघू दे."

तो वाकला. थरथरती बोटं केसांतून फिरली, भांग पाडत, पुन्हा मिटवत. "पातळ झालेत खरे," बाबा म्हणाले. त्याचे कान शरमेने तापले होते, पण ती बोटं निघेपर्यंत त्याने डोकं वर केलं नाही.