विरोधातली दोन मिनिटं

घटस्फोटाला परवानगी द्यावी की नाही यावर १९९५च्या नोव्हेंबरात आयर्लंडभर सार्वमत होतं, आणि मेयोतल्या आमच्या चिमुकल्या रेडिओ केंद्रात स्टॉपवॉच माझ्या हातात होतं. बाजूने बोलणाऱ्यांना जेवढा वेळ, तेवढाच विरोधकांना. कागदावर दोन रकाने, आणि पेन माझं. निवेदक मॅलकी मला ‘न्यायदेवता’ म्हणून चिडवायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मतदानाच्या आधीच्या मंगळवारी, दहाचा कार्यक्रम सुरू असताना एका बाईचा फोन आला.

“माझं नाव नका हं सांगू,” ती म्हणाली. “नवरा गुरांच्या बाजाराला गेलाय. तेवढ्यात मला बोलायचंय. घरात तोंड उघडलं की काय होतं ते सांगायचंय. एकदा रेडिओवर बोलले की मागे फिरता येणार नाही, निघावंच लागेल मला. पाच मिनिटं द्याल ना?”

“देते की. म्हणजे तुम्ही बाजूने?”

“मग काय तर, बाई!”

नेमके त्या दिवशी विरोधात बोलणारे निवृत्त मास्तर तापाने आडवे झाले होते. त्यांचा रकाना दोन मिनिटांनी उपाशी होता आणि अकराच्या बातम्या तोंडावर आल्या होत्या. मी बाईंना जोडून दिलं.

“लग्नाला एकोणीस वर्षं झाली,” तिने सुरुवात केली. “नवरा चर्चमध्ये गातो. आवाज असा, की बायका रडतात. शेजाऱ्याची गाय अडली तर भर पावसात धावत जातो. रोज आम्ही दोघं गुडघे टेकून प्रार्थना करतो. सगळे म्हणतात, असा नवरा मिळायला नशीब लागतं...”

ती सगळं रचत होती ते शेवटी पाडायला, हे मला कळत होतं. ऐकणाऱ्या कुणालाही मात्र हे घटस्फोटाविरुद्धचं बोलणं वाटलं असतं, हेही कळत होतं. घड्याळात बरोबर दोन मिनिटं झाली.

“पण,” ती म्हणाली, आणि मी हात वर केला.

“धन्यवाद ताई, संसार टिकवणाऱ्यांची बाजू छान मांडलीत!” मॅलकीने सांगून टाकलं आणि गाणं लावलं. मी विरोधाच्या रकान्यात दोन मिनिटं लिहिली. दोन्ही बाजू सेकंदाला सेकंद जुळल्या.

तिने फोन ठेवला नव्हता. लाइनचा दिवा लुकलुकत होता. उचलून काय सांगणार होते मी तिला? बातम्या संपेपर्यंत तो तसाच लुकलुकत राहिला.

आमच्याकडे नाव झाकून काही उपयोग नसतो, आवाज सगळे ओळखतात. गुरुवारी तिचा नवरा, फेस्टस मलक्रोन, डझनभर अंडी घेऊन हजर झाला.

“आमची डीलिया काय बोलली हो! घरात कधी एवढं कौतुक करत नाही,” म्हणत त्याने डोळे पुसले. डीलिया बाहेर गाडीत बसली होती, काच वर करून. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बंद दुकानाकडे पाहावं तसं. मी अंडी घेतली.

शुक्रवारी मतदान झालं आणि घटस्फोटाची बाजू केसभराने जिंकली. आमच्या केंद्राला समतोल प्रसारणाबद्दल वरून शाबासकीचं पत्र आलं आणि मॅलकीने ते भिंतीवर लावलं. त्यानंतर हेडफोन घातला की गाण्याच्या आधी कुणीतरी बोलण्यासाठी श्वास घेतंय असं मला ऐकू यायला लागलं. इंजिनियरने दोनदा वायरी बदलल्या. “तुझे कानच बदलायला हवेत,” तो म्हणाला. मलाच भीती वाटायला लागली होती माझी.

दोन वर्षांनी, अकराच्या बातम्यांनंतर मी वाचायचे त्या निधनवार्तांच्या कागदावर तिचं नाव आलं. ‘डीलिया मलक्रोन, फेस्टस यांची प्रिय पत्नी, राहत्या घरी, अल्प आजाराने.’ निधनवार्तेला दुसरी बाजू नसते. मी आहे तसं वाचलं. आवाज जरासुद्धा कापला नाही, याची मला अजून लाज वाटते.

पाच मिनिटांत फोन वाजला. “मी विनी, डीलियाची बहीण,” बाई हळू आवाजात म्हणाली. “वाचणाऱ्या तुम्हीच ना? तेव्हा तिला थांबवणाऱ्याही तुम्हीच?”

“हो.”

“तो घराबाहेर असला की ती दहाला तुमचं केंद्र लावायची. रेडिओसमोर उभी राहायची आणि तुम्ही तोडलंत तिथून पुढचं सगळं बोलायची. परवापर्यंत. मी स्वतः ऐकलंय.”

“काय बोलायची?” मी विचारलं.

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला, मग पावलं.

“हो, हो,” विनी एकदम मोठ्याने म्हणाली, “फुलं चारपर्यंत पोचली तरी चालतील. फेस्टस म्हणतोय, पांढरीच पाठवा.”

आणि तिने फोन ठेवला.