समासातला आधार

अप्पांचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. "आधार दिल्याशिवाय तोंड उघडू नये." कुणी म्हणालं, आज ऊन फार आहे, की अप्पा विचारणार, "आधार?" भाजी खारट झाली म्हणावं, तरी "आधार?" टिंबूची आई होती तोवर ती कढईतला चमचा थेट त्यांच्या तोंडात द्यायची आणि म्हणायची, "हा घ्या तुमचा आधार, आता गिळा." अप्पा गिळायचे आणि हसायचे. आई गेली आणि त्यांना गप्प करणारं घरात कुणी उरलं नाही.

अप्पा औषधशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावरही कॉलेजने त्यांना सोडलं नाही म्हणतात. खरं सांगायचं तर त्यांनीच कॉलेजला सोडलं नाही. व्याख्यानं हाताने लिहायचे, आणि कागदाला समास इतका रुंद ठेवायचे की मजकूर बिचारा अंग चोरून बसलेला. प्रत्येक विधानाच्या शेजारी, समासात, बारीक अक्षरात टीप. टिपेची सुरुवात ठरलेली: 'आधार', मग पुस्तक, मग पान. पानाच्या तळाला टीप देणं त्यांना मुळीच खपत नसे. "तळटीप म्हणजे साक्षीदाराला कोर्टाबाहेर बसवणं," ते म्हणायचे. "ज्याच्या जिवावर बोललो तो शेजारी उभा पाहिजे."

टिंबू त्यांची एकुलती एक मुलगी. चाळिशी उलटली, चष्मा लागला, तरी नाव टिंबूच. शाळेत असताना अक्षरांवरची टिंबं द्यायला विसरायची, 'आंबा'चा हमखास 'आबा' करायची, म्हणून अप्पांनी ठेवलेलं नाव. आणि गंमत बघा, बाईंनी पोटासाठी धंदा पत्करला तो टिंबं सांभाळण्याचा! बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर आणि प्रिंटर मांडून ती लोकांची पुस्तकं, प्रबंध छपाईसाठी जुळवून द्यायची. अप्पांची व्याख्यानंही तीच जुळवायची आणि कॉलेज ती छापून विद्यार्थ्यांना वाटायचं.

हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. समासातल्या टिपा म्हणजे एका बाकावर बसवलेली भांडखोर पोरं. दोन टिपा जवळजवळ आल्या की वरची खालचीला ढकलते, आणि खालची घसरून भलत्याच ओळीच्या शेजारी जाऊन बसते. अप्पा प्रूफावर फुटपट्टी आडवी धरून बघायचे. "टिंबू, ही दोन ओळी खाली गेली. आता दुसऱ्याचीच साक्ष देतेय." मग टिंबू इथला शब्द ओढ, तिथली ओळ ताण, असं करत टिपेला जागेवर आणून बसवायची. वैतागायची, पण हात कधी आखडला नाही.

पहिल्यांदा जे दिसलं ते अगदीच किरकोळ होतं. एकाच पानावर एकच टीप दोनदा. विसरले असतील, वय झालं, म्हणून टिंबूने एक काढून टाकली. मग एका टिपेत पुस्तकाचं नाव बरोबर, पान चुकलेलं. तिने कपाटातलं पुस्तक काढलं, पान शोधलं, आकडा बदलला. बोलली नाही. त्यात बोलण्यासारखं काय होतं? हस्तलिखितातली चूक दुरुस्त करणं तिचं कामच.

पण चुका थांबेनात. वाक्य अर्ध्यावर सोडलेलं असायचं. एका औषधाच्या नावाखाली दुसऱ्याचेच गुण. एकदा तर समासात लिहिलं होतं, 'आधार: हिला विचारणे.' हिला म्हणजे आईला. टिंबू ते वाचून उठली, नळ सोडून तोंडावर पाणी मारलं, परत येऊन बसली आणि ती टीप खोडून तिथे खरं पुस्तक टाकलं. प्रत्येक व्याख्यानाआधी कपाटातली पुस्तकं टेबलावर यायची, आणि अप्पा दुपारचे झोपले की ती डोळ्यांत तेल घालून ओळ न् ओळ ताडून बघायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला सांगायची. शिकवणं काढून घेतलं तर या माणसात उरणार काय, याची तिला फार भीती वाटत होती.

आणि मूठ इतकी छान झाकली गेली की त्याचंच बक्षीस मिळालं. गुरुवारी सकाळी कॉलेजातून प्रमुख बाईंचा फोन आला. बाई एके काळी अप्पांच्याच विद्यार्थिनी.

"ताई, सरांच्या नोट्स बघितल्या. काय स्वच्छ काम आहे! एक आकडा इकडचा तिकडे नाही. खरं सांगू? आमच्यातल्या काहींना शंका होती, सर थकलेत म्हणून. नोट्स बघून सगळ्यांची तोंडं बंद झाली."

"हो का," टिंबू म्हणाली.

"लहान मुलांच्या औषधांचा नवा अभ्यासक्रम सुरू होतोय सोमवारपासून. तो सरांनाच देतोय. ऐकणारे सगळे लगेच वॉर्डात काम करणारे आहेत, म्हणून भरवशाचा माणूस हवा. सर ठीक आहेत ना?"

आता इथे सांगायचं की नाही? सरळ विचारलं होतं बाईंनी. पण अप्पा दारात उभे राहून, कुणाचा फोन, म्हणून खुणा करत होते, शर्टाचं बटण चुकीच्या काजात अडकलेलं, आणि चेहऱ्यावर लहान मुलासारखी उत्सुकता. टिंबू म्हणाली, "ठीक आहेत."

अप्पांनी नव्या व्याख्यानाचे कागद शुक्रवारी दिले. स्वारी खूश होती, शीळ घालत होती. टिंबू जुळवायला बसली. तिसऱ्या पानावर तान्ह्या बाळाला द्यायच्या एका औषधाची मात्रा होती, शेजारी नेहमीसारखा आधार. आधारातलं पुस्तक तिने काढलं, पान उघडलं. पुस्तकात होतं २.५. अप्पांच्या कागदावर होतं २५.

टिंब गेलं होतं. एक टिंब.

तिने कागद उजेडाकडे धरला, पेन उमटलं नसेल म्हणून भिंगाने बघितलं. कुठे काही नव्हतं. इथे, कागदावर, ती टिंब देईल हो! पण वर्गात कोण देणार? अप्पा वर्गात कागद कधी बघत नसत, सगळं तोंडपाठ सांगायचे. सोमवारी ते पंचवीस म्हणाले, तर सरांचा शब्द म्हणून कुणीतरी पंचवीस लिहून घेणार, आणि मग एखाद्या वॉर्डात कुणाच्या तरी लेकराला पंचवीस जाणार. आणि भरवसा कुणी दिला? हिच्या स्वच्छ नोट्सनी. टिंबूला स्वतःचा असा संताप आला की कीबोर्ड उचलून आपटावासा वाटला.

ती कागद घेऊन आत गेली. "अप्पा, इथे टिंब राहिलंय."

अप्पांनी बघितलं. "मग दे ना. टिंबं तू खायचीस, लहानपणापासून."

"हे तुमच्या हातचं आहे, अप्पा."

"माझ्या?" अप्पांचा आवाज चढला. "उभ्या जन्मात माझी मात्रा चुकलेली नाही! तुझं लक्ष नसतं हल्ली. मी बघतोय, टिपा घसरतात, पानं चुकतात. जमत नसेल तर सांग, बाहेर देऊ काम."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं, तर चोर आपला बापच, आणि त्याला चोरी केल्याचं ठाऊकसुद्धा नाही. टिंबू बाहेर आली. फोन हातात घेतला, प्रमुख बाईंचा नंबर काढला, परत ठेवला. इकडे आड, तिकडे विहीर. त्यांच्या पाठीमागे बाईंना सांगायचं, तर ज्या माणसाने जन्मभर साक्षीदार शेजारी उभा केला, त्याच्या विरुद्ध लपून साक्ष द्यायची. आणि तोंडावर सांगितलं तर ते विचारणार, "आधार?"

विचारणारच ना? मग देऊ आधार, तिला वाटलं. त्यांनी शिकवला तसाच देऊ.

शनिवारभर ती खुर्चीवरून उठली नाही. या सत्रातली सगळी व्याख्यानं तिने पुन्हा उघडली. जिथे जिथे तिने गुपचूप हात फिरवला होता, तिथे तिथे समासात टीप घातली. 'अप्पांच्या हातचं: पान चुकलेलं. दुरुस्ती: टिंबू.' 'अप्पांच्या हातचं: वाक्य अर्धं. दुरुस्ती: टिंबू.' 'अप्पांच्या हातचं: आधार, हिला विचारणे. दुरुस्ती: टिंबू.' सुरुवातीच्या पानांवर टिपा तुरळक होत्या. पुढे पुढे इतक्या दाटल्या की एकमेकींना ढकलून खाली उतरायला लागल्या. तिने एकही घसरू दिली नाही, प्रत्येक टीप तिच्या ओळीच्या शेजारी आणून बसवली. शेवटची टीप मात्रेपाशी: 'अप्पांच्या हातचं: २५. दुरुस्ती: टिंबू.'

रविवारी चहा झाल्यावर तिने प्रूफ त्यांच्यापुढे ठेवलं, शेजारी त्यांचे स्वतःचे कागद आणि मात्रेचं ते पुस्तक. अप्पांनी फुटपट्टी घेतली.

"हे काय नवीन? 'दुरुस्ती टिंबू'? बाईसाहेबांना आता समासात जागा हवी का?"

"वाचा तुम्ही."

ते वाचायला लागले. पहिल्या काही टिपांना हसले. मग कागदाशी ताडून बघायला लागले. मग हसणं थांबलं. टिंबू समोर बसून नखं खात होती, लहानपणी प्रगतिपुस्तकावर सही घेताना खायची तशी. अप्पा 'हिला विचारणे'पाशी बराच वेळ थांबले. शेवटच्या टिपेपाशी आले, आपल्या कागदातला आकडा बघितला, पुस्तकातला बघितला. फुटपट्टी खाली ठेवली.

"मी रागावलो होतो ना तुझ्यावर? परवा?"

"ते जाऊ द्या, अप्पा."

"जाऊ द्या काय? पंचवीस!" "बाळ मेलं असतं, टिंबू. आणि तू मला आज सांगतेस?"

टिंबूला रडू फुटलं. "मला वाटलं, तुमचं शिकवणं गेलं तर तुम्ही राहणार नाही."

अप्पांनी फोन मागून घेतला आणि प्रमुख बाईंना लावला. "मी सोमवारी येत नाही. नंतरही नाही. दुसरं कुणी बघा." पलीकडून बाई बरंच बोलत असाव्यात. अप्पांनी ऐकून घेतलं. "कारण समासात दिलंय. पाठवतो प्रत." फोन ठेवला, आणि पेन मागितलं. पहिल्या पानाच्या समासात ते काहीतरी लिहायला लागले. परीक्षेत पोरं धरतात तसा डावा हात आडवा धरून. टिंबू वाकून बघायला गेली तर म्हणाले, "तुझं नाही ते. चहा टाक."

चहा घेताना दोघं आईविषयी बोलले, खूप दिवसांनी. टिंबूला हलकं वाटलं. झालं, सुटलो एकदाचे, असं म्हणत ती त्या रात्री गाढ झोपली.

सोमवारी सकाळी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तर अप्पा दारापाशी उभे. इस्त्रीचा शर्ट, बटणं बरोबर, बूट घातलेले, खांद्याला पिशवी.

"चल, नोट्स दे लवकर. नवा वर्ग आहे आज. पहिल्याच दिवशी उशीर बरा दिसत नाही."

अरे देवा, परत? कालचं सगळं पुन्हा सांगायचं, पुन्हा तो चेहरा बघायचा? आणि उद्या? परवा? त्यांनी हात पुढे केला होता, बोटं हलवत होते. दुसरं काही सुचेना, तिने टेबलावरचं तेच प्रूफ उचलून त्यांच्या हातात ठेवलं.

अप्पांनी चष्मा लावला. "'दुरुस्ती टिंबू'? हे काय नवीन? हा काय चावटपणा..." आणि थांबले. पहिल्या पानाच्या समासात शाईने काही लिहिलेलं होतं. ते त्यांनी मोठ्याने वाचलं, वर्गात वाचायचे तसं, सावकाश.

"'हे तू आधी वाचलेलं आहेस. सगळं खरं आहे. पोरीवर ओरडू नकोस. बूट काढ.'"

ते दोनदा वाचलं. मग कागद डोळ्यांजवळ नेला. "अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. टिंबूने मान हलवली. अप्पा दाराजवळच्या स्टुलावर बसले, पिशवी खाली ठेवली, आणि बुटाची नाडी शोधायला लागले. सापडेना, तेव्हा तिने खाली बसून सोडली.

"आधार कुणाचा दिलाय?" त्यांनी विचारलं. "मी आधार दिल्याशिवाय लिहायचो नाही. बघ बरं."

टिंबूने प्रूफ हातात घेतलं. टिपेच्या खाली, थरथरत्या अक्षरात, आधार दिलेला होता: 'आधार: टिबू.'

टिंब राहिलं होतं. पेन जवळच टेबलावर होतं, हात सवयीने तिकडे गेलाही. मग तिने तो मागे घेतला.

"माझा दिलाय, अप्पा," ती म्हणाली, आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला लागली.