कॅप्टनचं पान

ब्रिस्टलमधलं जुनं घर घेतलं तेव्हा जिन्याखाली एक तसबीर सापडली. गोबऱ्या गालांचा कॅप्टन हॉब्स, घराचा पहिला मालक. डॉक्टर शशी परुळेकर पडले कोकणातले. जागेच्या मूळ मालकाला, म्हणजे राखणदाराला, मान दिला नाही तर तो सुखानं राहू देतो होय? तेव्हापासून दर सर्वपित्रीला पितरांबरोबर कॅप्टनचंही पान! शशींची लहान मुलांच्या वॉर्डातली नोकरी उत्तम झाली, मुलगी वरदा युनिव्हर्सिटीत लागली, छप्पर एकदाही गळलं नाही. सगळी कॅप्टनची कृपा.

यंदा सर्वपित्रीच्या सकाळीच वरदा लॅपटॉप घेऊन उभी. तिच्या डिपार्टमेंटनं गुलामगिरीचे जुने कागद ऑनलाइन टाकले होते आणि सहज म्हणून तिनं घराचा पत्ता शोधला होता.

"बाबा, तुमचा राखणदार जमैकात माणसं विकत घेत होता. ही त्यांची नावं."

स्वयंपाकघरातून सुहासिनीबाई झारा घेऊनच बाहेर आल्या. "अहो! इतकी वर्षं त्या मेल्याला मी वडे तळून घातले? वर खीर?"

"हळू बोल, ऐकेल तो." शशींना खरोखरच भीती वाटत होती. राखणदार दुखावला तर घराचं काय? पण लेकीकडे मान वर करून बघवेना.

"ऐकू दे की! उचला त्याला!"

तसबीर गेली भिंतीकडे तोंड करून. पान मात्र राहिलं. शशींनी वरदाला नावं वाचायला सांगितली. तर्पण सांगायला पुण्याचे गुरुजी फोनवर हजर होतेच.

"गोत्र?"

"गुरुजी, जमैका."

"ते गाव झालं हो. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणा, चालतं."

मग काय! क्वाको काश्यप गोत्राचा झाला, ज्युबाही झाली. शशी तीळपाणी सोडत गेले. मध्येच वरदा अडली. "हे बाळ आहे. नाव लिहिलं नाही. फक्त आईचं आहे, फिबा."

"नाव नाही ना? पुढचं घ्या," गुरुजी म्हणाले.

"पुढचं कसं घेऊ?" शशी एकदम कडाडले. बारसं न झालेली किती बाळं त्यांच्या हाताखालून गेली होती, पण एकाच्याही मनगटावरची पट्टी त्यांनी कोरी राहू दिली नव्हती, निदान आईचं नाव तरी घातलंच होतं. राखणदाराची भीती कुठल्या कुठे पळाली. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

ओंजळ पुढे धरून ते म्हणाले, "बेबी ऑफ फिबा. काश्यप गोत्र."