सहा नंबरची हाक

वृद्धाश्रमात सगळे तिला तारवाली म्हणत. खरं तर तिच्या कामात तार औषधालाही नव्हती. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात एक बटण. ते दाबलं की बिनतारी हाक भिंतीवरच्या डब्यात पोचायची आणि नर्सच्या टेबलावर घंटा वाजायची. सगळा कारभार हवेतून. पण एकदा नाव पडलं की पडलं.

आज तिला बोलावलं होतं ते सहा नंबरच्या खोलीसाठी. तिथे राहणाऱ्या बाईंनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं. त्यांचं म्हणणं, गेल्या पंधरवड्यात तीन वेळा बटण दाबलं आणि कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या वेळी त्या स्वतःच उठायला गेल्या आणि पलंगाशी पडल्या. हाड मोडलं नाही हे नशीब. डब्याच्या नोंदीत मात्र एकही हाक नव्हती, म्हणून बाईंना विसर पडायला लागलाय असं व्यवस्थापकांनी ठरवून टाकलं. विसर पडणाऱ्यांना वरच्या मजल्यावर ठेवत, आणि तिथल्या दारांना कड्या बाहेरून होत्या. चार वाजता बाईंची मुलगी येऊन त्यासाठीच्या कागदावर सही करणार होती.

"तुम्ही फक्त तपासून 'ठीक आहे' एवढं लिहून द्या," व्यवस्थापक म्हणाले. "उद्या कोणी आमच्या नावानं बोटं मोडायला नको."

तारवालीने सकाळी दहालाच तपासलं. दहा वेळा बटण दाबलं, दहा वेळा घंटा वाजली. बॅटरीही भरलेली होती.

"मीच दाबलं नसेल गं," बाई म्हणाल्या. "आधी वाटायचं, नक्की दाबलं. बटणावरचा हिरवा दिवासुद्धा लागलेला पाहिला. पण सगळेच नाही म्हणतात. एकटीनं किती जणांना खोटं ठरवायचं?"

बाई भांडल्या असत्या तर तारवालीला चाललं असतं. हे असं निमूटपणे मान्य करणं तिला ऐकवेना.

"कधी दाबलं होतं, बाई? वेळ आठवते?"

"दुपारी. जेवून आडवी होते ना, तेव्हा. तिन्ही वेळा दुपारीच."

विसर काही घड्याळ बघून पडत नाही, एवढं तारवालीला कळत होतं. तिने तपासणीचा फॉर्म पिशवीत ठेवला, जेवून घेतलं आणि दुपार व्हायची वाट पाहत बसली.

सहा नंबरच्या अगदी समोर लाँड्री होती आणि हाका ऐकणारा डबाही लाँड्रीच्याच भिंतीवर होता, कारण प्लग तिथेच मिळाला होता. दोन वाजता लाँड्रीवाल्या मामांनी कपडे वाळवायचं मशीन सुरू केलं. ते सगळ्या अंगाने थडथडायला लागलं.

"नवीन घेतलं का, मामा?"

"नवीन कसलं, ताई. कुणाकडची तरी अडगळ आमच्या गळ्यात मारलीय. महिनासुद्धा झाला नाही. हे लावलं की माझा रेडिओ नुसता खरखरतो."

तारवाली तडक सहा नंबरमध्ये गेली आणि तिने बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. घंटा वाजली नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. व्हरांड्याच्या टोकाला चौदा नंबरमध्ये जाऊन तिथलं बटण दाबलं, तर घंटा खणखणीत वाजली.

ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. हे तिचंच कर्तृत्व होतं. डबा थोड्या थोड्या वेळाने आपली खूण हवेत सोडायचा, आणि ती किती जोरात येते त्यावरून बटणाने स्वतःचा जोर ठरवायचा, असा नियम तिने वर्षापूर्वी घातला होता. खूण जोरात आली म्हणजे डबा जवळ, तेव्हा हळू बोल. क्षीण आली तर ओरड. बॅटऱ्या दुप्पट टिकायला लागल्या आणि सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. सहा नंबर सगळ्यांत जवळ, म्हणून त्या बटणाला तर तिने खास कुजबुजायला शिकवलं होतं. डब्याचं बटणाला स्पष्ट ऐकू येतं, म्हणजे बटणाचंही डब्याला येणारच, हे ती धरून चालली होती. उद्या डब्याच्या कानाशी एखादं मशीन हवेत अशी खरखर सोडेल आणि त्यात ती कुजबुज बुडून जाईल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि जी हाक डब्याने ऐकलीच नाही, ती नोंदीत येणार कुठून?

तिने लांब वायर ओढून डबा दूरच्या भिंतीवर हलवला, कुजबुज काढून टाकली, मशीन चालू असताना प्रत्येक खोलीतून घंटा वाजवून पाहिली आणि मग व्यवस्थापकांना सगळं सांगितलं.

"झालं ना दुरुस्त?" ते म्हणाले. "मग आता कशाला उकरून काढता? लिहा, ठीक आहे. आता ठीकच आहे की. नाहीतर पुढच्या वर्षी हे काम तुम्हाला द्यायचं म्हटलं तर वरचे साहेब मला जाब विचारतील."

म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तारवालीला भीती वाटली, खोटं कशाला बोला. या एका कामावर तिचं निम्मं घर चालत होतं. ती फॉर्म तसाच घेऊन सहा नंबरमध्ये गेली. मुलगी येऊन बसली होती, कागद मांडीवर होता.

"बाई, तुम्ही बटण दाबलं होतं," तारवाली म्हणाली. "तिन्ही वेळा. चूक माझी होती."

"बस. पहिल्यापासून सांग," बाई म्हणाल्या.

तिने सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"त्याचं मला ऐकू येतं, म्हणून माझं त्याला ऐकू जातं, असं तू गृहीत धरलंस. पडताळा न घेता."

"हो, बाई."

"मी शून्य दिलं असतं."

"द्या."

बाई हसल्या. "पंधरा दिवस मी मलाच खोटं ठरवत होते गं. पाढे म्हणून बघायची, येतात का अजून." मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. "तुलाही फोनवर सांगितलं होतं मी. तिन्ही वेळा."

मुलीने मांडीवरचा कागद पालथा केला. 

"सांगितलं होतंस, आई," ती म्हणाली. "मी ऐकलंही होतं."